मस्तुराची पाठ

मस्तुराची पाठ जगभर गाजली आणि नाव झालं नणंदेचं. अफगाणिस्तानातल्या हेरातच्या त्या गल्लीत हे कुणाजवळ बोलायचीही सोय नव्हती, त्यामुळे ती आतल्या आत धुमसत होती.

तळघरातली शाळा तिनं काढली होती, तिनं! मोठ्या मुलींच्या शाळांना टाळं लागलं तेव्हा नवऱ्याची धाकटी बहीण निलाब उशीत तोंड खुपसून रडत बसली होती. मस्तुरानं तळघरातल्या लोणच्याच्या बरण्या हलवल्या, एक भिंत काळ्या रंगानं रंगवली आणि आळीतल्या मुलींना शिवणकाम शिकायला म्हणून बोलावून घेतलं. वर कापडाचे तुकडे, त्यांच्याखाली बीजगणित. निलाब आली ती नंतर, इंग्रजी शिकवायला.

मग एक परदेशी पत्रकार बाई लपतछपत येऊन गेली. तिच्या डोक्यावरचा रुमाल सारखा घसरत होता. मस्तुरानं केशर घातलेला चहा आणि साखरेत घोळलेले बदाम पुढे ठेवले. बाईनं विचारलं, शाळा कुणी सुरू केली? निलाबनं प्रश्न वहिनीला समजावून सांगितला.

आता असं विचारल्यावर खानदानी हेराती बाई जे म्हणेल, तेच मस्तुरा म्हणाली. "मी कसली करतेय? सगळं निलाबजानच करते. मी आपली झाडलोट करते."

यावर निलाबनं म्हणायचं, "काहीतरीच काय वहिनीजान, तू नसतीस तर?" मस्तुरानं पुन्हा नाही म्हणायचं, निलाबनं पुन्हा आग्रह करायचा आणि मग कुठे मस्तुरानं लाजत कबूल करायचं. ताटात पुलाव वाढून घेतानासुद्धा तिथे हीच रीत. पण निलाबनं वहिनीचं वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत सांगून टाकलं. बाईनं ते लिहून घेतलं. झालं!

चेहरा दिसू नये म्हणून फोटो पाठमोरा काढला. भिंतीवर गणित लिहिणारी मस्तुरा, डोक्यावरून पिस्ता रंगाची मोठी ओढणी आणि तंदूरच्या ठिणगीनं पडलेल्या भोकावर लावलेलं नारिंगी ठिगळ. खाली छापलं, 'निलाब, शाळेची संस्थापिका.' निलाबनंच ते वाचून दाखवलं, आणि वर म्हणाली, "चूक झालीय गं त्यांची!" चूक सुधारायचं मात्र राहून गेलं.

"निदान ठिगळ तरी माझं आहे," मस्तुरा नवऱ्याजवळ फणफणली.

"तुझी पाठ तिच्यापेक्षा बरी दिसली असेल त्यांना," करीमदाद म्हणाला. त्या दिवशी त्याला गार रस्सा मिळाला.

तिकडे परदेशात तर कहरच झाला. एका देशानं तीव्र चिंता व्यक्त केली, दुसऱ्यानं अतितीव्र. फार चिंता करतात बिचारे. कुठल्याशा शहरात बायकांनी पाठीवर नारिंगी ठिगळं लावून मोर्चा काढला. हेरातमधलं एकही टाळं उघडलं नाही, ठिगळ मात्र प्रसिद्ध झालं. शेवटी निलाबला पुरस्कार मिळाला, व्हिसा मिळाला, तिकडच्या विद्यापीठात जागा मिळाली. इराणातल्या मशहदपर्यंत पोचवायला मामा तयार झाले.

निघताना निलाबनं दारात विचारलं, "वहिनीजान, तिथे भाषणात तुझं नाव घेऊ?"

मस्तुरानं रीतीप्रमाणे आधी नाही म्हटलं. "नको गं बाई. माझं नाव कशाला?"

"बरं," निलाब म्हणाली आणि चपला घालू लागली.

बरं? एवढंच? पुन्हा एकदा विचारायला जीभ झडली असती का मेलीची? जाणारं माणूस सुखरूप परतावं म्हणून मस्तुरानं तिच्या वाटेवर रिवाजाप्रमाणे पाणी शिंपडलं, पण निम्मं भांड्यातच ठेवलं.

पुरस्काराचा समारंभ सगळ्या मुलींनी तळघरात फोनवर पाहिला. व्यासपीठामागे मस्तुराची पाठ भिंतीएवढी लावली होती. भलंमोठं सभागृह उभं राहून त्या पाठीकडे बघत टाळ्या वाजवत होतं आणि निलाब डोळे पुसत वाकून त्या टाळ्या घेत होती. "घरच्यांच्या जिवासाठी मी कुणाचंही नाव घेत नाही," ती म्हणाली. बरोबरच होतं ते. मस्तुराला कळत होतं. पण कळलं म्हणून पोटात दुखायचं थोडंच थांबतं?

"काय कौतुक चाललंय! बीजगणित काढा," ती मुलींवर खेकसली.

काही दिवसांनी भर वर्गात दार वाजलं. पांढऱ्या डगल्यांतले सरकारी नीतिरक्षक आले होते, हातात तोच फोटो. मस्तुरा धावत वर आली आणि पडद्याआड उभी राहिली. डोक्यावर तीच ओढणी, पाठीवर तेच ठिगळ. खाली मुली पुस्तकांवर कापड पसरत होत्या.

"ही कोण?" त्यांच्यातल्या म्हाताऱ्यानं विचारलं.

"माझी बहीण," करीमदाद म्हणाला. "गेली मामाबरोबर. मी तिला मेली समजतो."

"शाळा तीच चालवायची?"

"तीच. ती गेली, शाळा संपली. आता बायका शिवणकाम करतात."

"आणि तुझी बायको? तिचा यात काय हात?"

"तिचा कसला हात, हाजीसाहेब? ती आपली झाडलोट करते."

पडद्याआड मस्तुराच्या अंगाचा तिळपापड झाला. गुन्हासुद्धा तिचा नाही! तोही निलाबच्याच पदरात! क्षणभर तिला वाटलं, पडदा ओढावा, वळून पाठ दाखवावी आणि ओरडावं, डोळे फुटले का तुमचे, ही बघा, मी ती! तिचा हात पडद्यापर्यंत गेलाही. खाली एका मुलीला खोकला आला आणि तिनं तो दाबला. मस्तुरानं हात मागे घेतला आणि ओढणीचं टोक दातांत धरलं.

म्हाताऱ्यानं दोनदा दम दिला आणि मंडळी गेली. करीमदादनं दाराला कडी घातली. "ओढणी जाळ आधी," एवढंच तो बोलला. ती त्याच्याकडे न बघता तंदूरपाशी गेली. ओढणी भपकन पेटली. ठिगळ जाड कापडाचं होतं, त्याला वेळ लागला. ते राख होईपर्यंत ती हलली नाही.

मग काळी ओढणी डोक्यावर घेऊन ती तळघरात उतरली. मुली पांढऱ्याफटक पडल्या होत्या. "उस्तादजान," एकीनं कसंबसं तोंड उघडलं, "कुणाला विचारत होते?"

"निलाबला." मस्तुरानं खडू उचलला आणि भिंतीकडे वळली. "मला कोण विचारतंय! चला, वह्या काढा."