हंडीच्या खापरावर नाव

सुदेशला एक खोड होती. माणूस दिसला की त्याला नाव ठेवायचं, आणि तेही साधंसुधं नाही, दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीचं. ठाण्यात खोपटला एका क्लासमध्ये तो स्पर्धा परीक्षेच्या पोरांना प्राचीन जग शिकवायचा. इराणच्या बादशहाच्या नावाने प्रांत चालवणारा तो क्षत्रप, काहीही झालं तरी भुवई न हलवणारा तो स्टोइक, हे असलं पाठ करून पोरांची डोकी बधिर व्हायची. मग सुदेश त्यांना डोंबिवलीतल्या आपल्या सोसायटीत फिरवून आणायचा, बसल्या जागी.

"दुसऱ्या मजल्यावरचा देवराम. स्कूटर चोरीला गेली तर काय म्हणाला? 'जाऊ दे, पेट्रोल नव्हतंच.' हा स्टोइक. लिहा."

पोरं खिदळायची. आणि हसून ऐकलेलं माणूस विसरत नाही, हा सुदेशचा धंद्याचा मंत्र.

क्षत्रप म्हणजे सोसायटीचे सेक्रेटरी हरिहरकाका. चेअरमन मुलाकडे कॅनडात जाऊन बसलेले. बादशहा तिकडे बर्फात आणि इकडे त्यांच्या नावाने काकांचा दरबार. पाणी किती वाजता सोडायचं, कुणाच्या गाडीला कुठे जागा, कुणाचे पाहुणे लिफ्टने जातील, सगळं काका ठरवणार. चीनच्या राजांना म्हणे राज्य करायला आकाशाचा आदेश असायचा आणि पूर आला की तो आदेश गेला असं लोक समजायचे. सुदेश पोरांना सांगायचा, "आमची टाकी दर मंगळवारी ओव्हरफ्लो होते, तरी राजवट काय बदलत नाही."

ही सगळी मजा जूनपर्यंत. जूनमध्ये क्लासच्या मालकाने सगळं शिकवणं मोबाइलवर नेलं. कुठल्यातरी गोऱ्यागोमट्या मास्तरचे व्हिडिओ घेतले आणि सुदेशला नारळ दिला. ऑगस्टअखेर घराचं अॅग्रीमेंट संपत होतं. घरमालक भला माणूस. म्हणाला, "सोसायटीची हरकत नसेल तर माझी काय असणार?" आणि सोसायटी म्हणजे कोण, ते वर सांगितलंच.

चार वर्षांत तीन घरं झाली होती. पोरगी शिवानी बारावीला. नवं घर शोधायला जावं तर एजंटचा पहिला प्रश्न, "जॉब कुठे?" बेकार भाडेकरूला डोंबिवलीत कबुतरसुद्धा शेजारी बसू देत नाही. म्हणजे हे घर टिकलं तर टिकलं, नाहीतर गाशा गुंडाळून गावाला. बायको निशा रोज रात्री भांडी घासताना एकच विचारायची, "काकांशी बोललास?" आणि सुदेश रोज एक नवा विनोद करायचा. हल्ली ती हसायची नाही.

शेवटी गेला काकांकडे. काकांनी चष्मा पुसला, परत घातला.

"असं बघा सुदेशराव, समितीत तुमच्याविषयी फारसं अनुकूल मत नाही. तुम्ही लोकांना नावं ठेवता म्हणे. मलाही काहीतरी ठेवलंय."

"छे हो काका, आदराने ठेवलंय."

"गोपाळकाल्याला संध्याकाळी एखादा कार्यक्रम करा. लोकांना तुम्ही उपयोगाचे वाटला पाहिजेत. मग बघू आपण."

सुदेशच्या डोक्यात लगेच घंटा वाजली. "काका, अथेन्सचा खेळ घेऊ? तिथे वर्षातून एकदा लोक जमायचे. फुटक्या मडक्याच्या खापरीवर एकाचं नाव लिहायचं. ज्याचं नाव जास्त, तो दहा वर्षं गावाबाहेर. आपण गंमत म्हणून करू. ज्याचं निघेल त्याने गेटबाहेर उभं राहून गाणं म्हणायचं. हंडीच्या खापऱ्या आहेतच."

काका पुढे सरकले. "त्या माणसाचा गुन्हा सिद्ध व्हावा लागत नसे?"

"अजिबात नाही."

"त्याला बाजू मांडायची संधी?"

"तीपण नाही."

"वा," काका म्हणाले, "फार पुढारलेले लोक होते हो."

इथेच सुदेशला कळायला पाहिजे होतं. पण ज्याला छप्पर हवंय त्याला ढग दिसत नाहीत.

दहीकाल्याला दुपारी पार्किंगमध्ये हंडी फुटली. दोन थरांची, सोसायटीपुरती. लहान पोरांनी आपापली छोटी मडकी वेगळी फोडली. एरवी खाली पडलेल्या खापऱ्यांवर बायका तुटून पडतात. हंडीचं खापर घरात ठेवलं की घर भरलेलं राहतं, ही आपल्याकडची जुनी समजूत. या वेळी सुदेशने ओरडून सांगितलं, "आधी खेळ, मग खापर! खेळ झाला की ज्याचं त्याने घरी न्यायचं." पाच वाजता खुर्च्या लागल्या. सगळ्यांना एकेक खापरी, चार मार्कर फिरवायला, आणि मधोमध रिकामी बादली.

पुढच्या खुर्चीवर ऐसपैस बसली होती हौसाबाई. तिचा नवरा तानाजी इथला वॉचमन, बिल्डिंगचा पाया खणला तेव्हापासूनचा. तो गेला आणि ही जिन्याखालच्या मीटरशेजारच्या खोलीत राहिली. कागद नाही, पत्र नाही. नळ चालू ठेवून झोपायची, पार्किंगमध्ये पापड वाळत घालायची, कुणी बोललं की सात पिढ्यांचा उद्धार. सुदेशने तिचं नाव डायोजेनिस ठेवलेलं. तो ग्रीसमधला सिनिक पंथाचा फकीर, रांजणात राहायचा. राजा येऊन म्हणाला, माग काय हवं ते. हा म्हणाला, बाजूला हो, ऊन अडतंय. हौसाबाई हरिहरकाकांना हेच सांगायची, फक्त तोंडातून जरा जास्त माल यायचा.

तिने सुदेशला खुणेने बोलावलं. "मुडद्या, मला कुटं लिवता येतंय. तूच लिव."

"सांग, कुणाचं लिहू?"

"तुझंच लिव."

सुदेशला खरंच हसू फुटलं. अथेन्समध्ये हेच झालेलं. एका अडाणी शेतकऱ्याने शेजारच्या माणसाला सांगितलं, माझ्या खापरीवर ॲरिस्टायडिसचं नाव लिही. शेजारचा माणूस तोच ॲरिस्टायडिस. त्याने गपचूप आपलं नाव लिहून दिलं. क्लासमध्ये ही गोष्ट सांगताना सुदेशचा गळा दाटायचा, बनावट.

"का गं मावशी, मी काय केलं?"

"सारखा हसवतोस. तोंडात दात न्हाईत माझ्या, नुसती हवा जाती. जा की थोडं दीस लांब."

त्याने लिहिलं. 'सुदेश.' खापरी बादलीत टाकली. बाकीच्यांच्याही पटापट पडल्या. जरा जास्तच पटापट. एरवी गणपतीची वर्गणी ठरवायची तर ही माणसं तासभर भांडतात. आज कुणी कुणाच्या खापरीत डोकावलं नाही, कुणी चिडवाचिडवी केली नाही. सुदेशला हे खटकलं, पण तोपर्यंत तो खुर्चीवर चढलेला, बादली हातात.

पहिली खापरी काढली. 'हौसाबाई.'

हसायला तोंड उघडलं त्याने, पण म्हटलं दुसरी बघू. 'हौसाबाई.' तिसरी. 'हौसाबाई (मीटर रूम).' चौथीवर तर कुणीतरी छान वळणदार अक्षरात लिहिलेलं, 'हौसाबाई, खोली सोसायटीला द्यावी.'

त्याने वर पाहिलं. हरिहरकाका मोबाइल आडवा धरून शूटिंग करत होते.

"वाचा, सुदेशराव. स्पष्ट आणि मोठ्याने. इतिवृत्तात घेता येईल, सर्व सभासदांची भावना म्हणून."

म्हणजे काका काल प्रसादाचं विचारत घरोघर हिंडले म्हणे, ते यासाठी होय! जी खोली वकील लावूनही सुटत नव्हती ती हा माणूस एका खेळात काढून घेणार होता. आणि खेळ कोणी आणून दिला? सुदेशनेच. गुन्हा लागत नाही, बाजू मांडायची नाही, हेसुद्धा त्यानेच शिकवलं.

हात बादलीत खाली खाली जात होता. एक खापरी आली. निळा मार्कर. 'ह'ची शेपटी पार खालपर्यंत ओढलेली. ते अक्षर तो वीस वर्षं वाण्याच्या चिठ्ठ्यांवर वाचत आलेला. त्याने निशाकडे पाहिलं. निशा आपल्या चपलेकडे बघत होती.

वाच, तो स्वतःला म्हणाला. जे लिहिलंय ते वाच. खोटं पण बोलायचं नाहीये तुला. वाच, खाली उतर, काकांचा होकार घे, पोरीची बारावी होऊ दे. तू नाही लिहिलंस ना तिचं नाव? मग झालं तर.

"आरं वाच की!" हौसाबाई टाळ्या पिटत होती. तिला वाटत होतं सत्यनारायणाला काढतात तशी सोडत आहे. "कुनाचं निघालं?"

"सुदेश," सुदेश म्हणाला.

थोडे लोक हसले. त्याने पुढची उचलली.

"सुदेश. ही पण सुदेश. अरे बापरे, ही बघा, सुदेश. अहो किती प्रेम करता!"

आता कुणी हसेना. जो तो आपण काय लिहिलं ते आठवत होता आणि शेजाऱ्याकडे तिरका बघत होता. सुदेश वाचत सुटला. बादलीच्या तळाशी एक खापरी उरली. ती त्याने वाचली तेव्हाच काय तो खरं बोलला, "सुदेश."

"माझी ती, पयली टाकल्याली!" हौसाबाई ओरडली.

काकांनी मोबाइल खाली घेतला. चेहरा लाल. "सुदेशराव, त्या खापऱ्या इकडे आणा. मला तपासायच्या आहेत."

"घ्या की," सुदेश म्हणाला. जिभेला जुनी सवय. "फक्त असंय काका, हंडीचं खापर घरात ठेवायचं असतं. दुसऱ्याच्या हातात गेलं तर त्याची बरकत जाते. तेव्हा ज्याचं त्याने यावं, आपलं अक्षर ओळखावं, सगळ्यांसमोर वाचून दाखवावं आणि घरी न्यावं. चला, या. देवराम, ये रे पहिला."

देवरामची भुवई हलली. आयुष्यात पहिल्यांदा. "मला जरा… गॅसवर दूध आहे," तो म्हणाला आणि निघाला.

कुणी उठेना. एवढ्या बाया, हंडीच्या खापरासाठी एरवी एकमेकींचे पदर ओढणाऱ्या, सगळ्या खुर्चीला चिकटलेल्या. एकटी हौसाबाई गुडघ्यावर हात देत उठली आणि तळाची आपली खापरी उचलून कपाळाला लावली. "देवाचं खापर. घर भरलेलं ऱ्हातंय," म्हणत ती जिन्याखालच्या खोलीत गेली.

मग काकांचा चेहरा हळूहळू निवला. क्षत्रप उगाच क्षत्रप होत नाही.

"म्हणजे सर्वानुमते तुमचं नाव आलं."

"तसंच दिसतंय."

"तुम्हीच वाचलंत. शूटिंग आहे माझ्याकडे." त्यांनी शांतपणे मोबाइल खिशात ठेवला. "अथेन्सवाले गाव सोडायला किती दिवस देत?"

"दहा."

"आपण महिनाअखेरपर्यंत देऊ. आपण काही इतके कठोर नाही."

लोकांनी स्वतःच्या खुर्च्या स्वतः दुमडून ठेवल्या. हेही त्या सोसायटीत पहिल्यांदाच झालं असेल.

वर घरी निशा ओट्याशी पाठ करून उभी होती. शिवानी आत अभ्यासाला बसलेली, दार लोटून.

"काका काल आलेले," निशा म्हणाली. "तू क्लास शोधायला ठाण्याला गेलेलास तेव्हा. म्हणाले, एक नाव लिहा, मग तुमचं काम झालंच समजा."

"अच्छा."

"माझी खापरी वाचलीस ना तू?"

"कुठली तुझी? सगळ्यांची सारखीच."

"सुदेश. निळा मार्कर होता."

"अगं, मास्तर आहे मी, भविष्यवाला नाही. तुझं अक्षर मला लग्नाआधीच्या पत्रात लागलं नाही तर खापरीवर काय लागणार?"

ती वळली. तिला हसायचं होतं की रडायचं होतं ते तिलाच ठरवता येत नव्हतं. "खोटारडा आहेस," ती म्हणाली, आणि त्याच्या छातीवर ओला हात आपटला. "आता जायचं कुठे आपण? सांग ना. पोरीला घेऊन जायचं कुठे?"

सुदेश जिन्यात येऊन बसला आणि एजंट साईनाथला फोन लावला. वागळे इस्टेटच्या बाजूला काही स्वस्तातलं असेल तर, कळव्याला, टिटवाळ्याला, कुठेही.

"वन रूम किचन आहे एक," साईनाथ म्हणाला. "पण मालक कटकट्या आहे. सगळं विचारतो. जॉब?"

"शोधतोय."

"हं. आणि आत्ताची जागा का सोडताय?"

"इथे मतदान झालं."

"इलेक्शनला उभे होतात काय सोसायटीच्या?"

"तसंच काहीतरी."

"पडलात वाटतं."

"नाही रे बाबा. निवडून आलो. सगळीच्या सगळी मतं मला."

मागे साईनाथच्या ऑफिसात कुणीतरी चहा मागवत होतं.

"शेठ, खरं काय ते सांगा ना," तो म्हणाला. "मालकाला मी काय सांगू?"