सहीची साडी

एकोणीसशे पंच्याण्णव साल. आमचे हे सांगलीत एका खाजगी तेलगिरणीत हिशेबनीस होते. निवृत्तीला सात वर्षं उरली होती आणि पेन्शन नव्हती. दोन खोल्या विकत घेऊन भाड्यानं द्यायच्या, हे मीच डोक्यात घेतलं. विश्रामबागेत कॉलेजच्या मुलांना जागा मिळत नाही, हे भाजी घेताना रोज कानावर पडायचं.

तिथल्याच गुंडा वायरमनच्या वारलेल्या वडिलांनी बांधलेल्या दोन खोल्या सापडल्या. किंमत एक लाख चाळीस हजार. अकरा हजार इसार दिला, साठेखत झालं, तीन महिन्यांची मुदत ठरली. त्यातले दोन महिने बँकेच्या पायऱ्या चढण्यात गेले. पगाराचा दाखला, दोन जामीनदार, पुन्हा फोटो. शेवटी बँकेचे वकील म्हणाले, "घर वडिलांच्या नावावर होतं ना? मग बहिणीची सही कुठंय?"

सही नाही तर कर्ज नाही, आणि मुदत टळली की इसार बुडाला.

गुंडा हसला. "साडीचोळी केली की करती सही. तुमीच चला वैनी, बाईमाणूस बरं पडतंय."

मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. माहेरी कुंडलला माझ्या भावांसाठी मीही अशीच हक्क सोडल्याची सही केली होती, एका इरकल साडीवर. मी बाजारातून हिरवी साडी घेतली आणि आम्ही दहिवडीची एसटी धरली.

गुंडाची बहीण धोंडुबाई शेळ्या बांधत होती. नवरा मुंबईला हमालीला. तिनं चहा दिला, साडीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "पोत चांगलं हाय. ह्यो माज्या लग्नातबी एवढ्या मायेनं आला न्हवता. वैनी, घर कितीला घेताय?"

"तुला काय करायचंय गं त्येचं?" गुंडा खेकसला.

"तुला न्हाई इचारलं. वैनी, तुमी केलीसा का अशी सही तुमच्या माहेरी?"

"केली."

"काय मिळालं?"

"साडी."

ती खो खो हसली. मीही हसले. गप्प बसले असते तर खोल्या पदरात होत्या. मी म्हटलं, "एक लाख चाळीस हजार."

धोंडुबाईनं साडीची घडी नीट केली आणि माझ्या मांडीवर ठेवली. "ही न्या माघारी. दादा, माजं काय असंल ते दे, मग येती सांगलीला."

परतीच्या वाटेवर गुंडा एवढंच बोलला, "वैनी, तुमाला घर घ्याचं हाय का मोडायचं?"

मुदतीला पाच दिवस असताना तो आला. बहिणीला पंचवीस हजार देतो, म्हणाला, पण त्यातले पंधरा तुम्ही सोसायचे. माझ्या पाटल्या गेल्या. हे रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "तुला गप्प बसता आलं नाही." त्यांचा आवाज थकलेला होता. धोंडुबाई आली, सही केली आणि भावाकडे न जेवता एसटीनं परत गेली.

तिनं त्या पैशांत बोअर मारली, पाणी लागलं नाही. उरलेल्यात शेळ्या घेतल्या, त्या मात्र वाढल्या. गुंडा तिच्याशी पुढे कधीच बोलला नाही. तो वारला तेव्हा ती आली होती, दारातूनच हात जोडून परतली. ह्यांच्या शेवटच्या पगारातून शेवटचा हप्ता गेला. मोकळेपणाची सहा वर्षं त्यांना मिळाली. माझे भाऊ दर दिवाळीला फोन करतात. मी त्यांना काही विचारलं नाही, आता विचारण्याचं त्राणही उरलं नाही. त्या खोल्यांच्या भाड्यावर माझं औषधपाणी चालतं.

हिरवी साडी खोल्यांच्या वास्तुशांतीला मीच नेसले. विरली तेव्हा गोधडीत घातली. तीच पांघरते.