बागेचे बारा नियम

पेंटरच्या घराण्यात सरळ रेघ ही अब्रूची गोष्ट होती. त्याचे वडीलही पेंटरच. अक्षरांच्या डोक्यावरची रेघ ते पट्टी न लावता ओढत आणि वर म्हणत, "रेघ हलली की पेंटर संपला." पुढे त्यांचाच हात थरथरायला लागला. चहाचा कप दोन्ही हातांनी धरला तरी सांडायचा. एके दिवशी त्यांनी सगळे ब्रश धुऊन, फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकले आणि मग मरेपर्यंत खिडकीत बसून राहिले.

म्हणून बागेच्या पांढऱ्या भिंतीवर तिसरा नियम लिहिताना हात हलला, तेव्हा पेंटरने आधी कुणी बघत नाही ना ते पाहिलं.

काम ऐसपैस होतं. बागेचे बारा नियम, हातभर उंचीची अक्षरं, दिवसाला एक नियम. 'फुले तोडू नयेत' वरची रेघ नागमोडी गेली. चौथा नियम सुतासारखा सरळ आला, तेव्हा त्याला वाटलं, टळलं. पाचव्याला पुन्हा तेच. अकराच्या सुमारास अंगात हुडहुडी भरायची, दात वाजायचे, ब्रश हातात नाचायचा. मग अंग तापायचं, आणि संध्याकाळी सदरा घामाने भिजला की सगळं शांत. हुडहुडी भीतीची आणि ताप उन्हाचा, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती. सातवा नियम 'बाकांवर झोपू नये' असा होता. तो कसाबसा पुरा करून पेंटर आत गेला आणि बाकावर दीड तास झोपला.

सुट्टी मात्र त्याने घेतली नाही. घेतली असती तर कुणीतरी कारण विचारलं असतं.

त्याची बायको घरी बसून शर्टांना काजं-बटणं करायची. ओले सदरे तीच धूत होती. आठव्या नियमाच्या संध्याकाळी ती त्याला ओढूनच बागेसमोरच्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी थर्मामीटर लावलं. ताप नव्हता.

"काय होतंय?"

"थोडा खोकला आहे," पेंटर म्हणाला.

बायकोने त्याच्याकडे बघितलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, तसा त्याचा उजवा हात पूर्ण वेळ खिशात होता. खोकल्याचं औषध घेऊन दोघं घरी आली. ते औषध मोरीत गेलं, कारण खोकला नव्हताच.

दुसऱ्या दिवशी नववा नियम वाकडा गेला. दहाव्याच्या दिवशी बायको डबा घेऊन आली, ती नेमकी रस्त्याच्या पलीकडे थबकली. तिथून अख्खी भिंत दिसत होती. पेंटर शिडीवर पाठमोरा होता, पण ती काय बघतेय हे त्याला मानेवर जाणवलं. आता सगळं संपलं, असं वाटून तो हळूहळू खाली उतरला.

"बघितलंस ना?" तो म्हणाला. "बाबांसारखं झालंय. हात गेला माझा."

"कधीपासून?"

"तिसऱ्या नियमापासून."

"मग चौथा कुणी लिहिला?"

पेंटरने वळून चौथ्या नियमाकडे पाहिलं.

"सहावा? आठवा? हा आजचा?" तिने बोटाने एकेक नियम मोजला. "तीन, पाच, सात, नऊ. एकाआड एक टाके सुटतात तेव्हा मी माझ्या हाताला दोष देत नाही. मशीन उघडून बघते. गेलेला हात दिवसाआड परत येतो का हो?"

इतक्या वर्षांत आपल्या कामाकडे कुणी असं बघितलं नव्हतं, आणि बघितलं तेही वाकड्या रेघांसाठी, याचा त्याला थोडा रागच आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोने डॉक्टरीणबाईंना सरळ खिडकीपाशी नेलं आणि समोरची भिंत दाखवली. बाईंनी चष्मा पुसून भिंत वरपासून खालपर्यंत वाचली.

"म्हणजे त्या दिवशी तुम्ही ताकाला जाऊन भांडं लपवत होता," त्या म्हणाल्या. "आज कितवा नियम?"

"अकरावा."

"आणि थरथर सुरू होते किती वाजता?"

"अकराला."

"साडेदहा झालेत. बसा इथेच. आज ती थरथर इथेच येऊ दे."

मग तिघं वाट बघत बसली. बाई मधूनमधून दुसरे पेशंट तपासत होत्या. अकराला पाच कमी असताना पेंटरच्या दंडावर काटा आला. त्याचा हात आपोआप खिशाकडे गेला, तो बायकोने मध्येच धरला आणि टेबलावर ठेवला. सगळ्यांसमोर तो हात थडथडत राहिला. बाईंनी बोटाला सुई टोचली, रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेतला आणि माडीवरच्या लॅबमध्ये पाठवला. पेंटर दोन घोंगड्यांखाली दात वाजवत पडला.

तासाभराने बाई कागद घेऊन आल्या. "मलेरिया आहे."

"म्हणजे हात?"

"हात जागेवर आहे. थंडी वाजली की कुणाचाही हलेल."

पेंटर हसायला लागला. आजार निघाला म्हणून एवढा खूश झालेला पेशंट बाईंनी बघितला नव्हता. त्यांनी रक्ताची आणखी एक तपासणी केली आणि गोळ्या दिल्या, काही तीन दिवसांच्या, काही चौदा. "ताप गेला म्हणून मध्येच सोडायच्या नाहीत. तो दडून बसतो आणि परत येतो," असं त्यांनी पेंटरला नाही, त्याच्या बायकोला सांगितलं.

काम सुरू झाल्यापासून पंधराव्या दिवशी, म्हणजे विषमच, पेंटर अकराच्या ठोक्याला शिडीवर चढला. अंग हलकं होतं, पण मनात धाकधूक होती. अकराव्या नियमाची अक्षरं लिहून झाली. पट्टी न लावता त्याने ब्रश टेकवला आणि श्वास रोखून रेघ ओढली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मागे वळून बघायचा धीर होईना.

"सरळ आहे," पलीकडून बायको म्हणाली.

तो खाली उतरला आणि शिडीच्या शेवटच्या पायरीवर बसला. ब्रश फडक्याला पुसला.

"बाबांचा हात रोज हलायचा की मधूनमधून?" त्याने विचारलं.

"माहीत नाही. मी आले तेव्हा ते खिडकीतच असायचे."

"मलाही माहीत नाही," पेंटर म्हणाला. "मी रोज त्यांचा सांडलेला चहा पुसायचो. दवाखान्यात न्यायचं मात्र कधी सुचलं नाही."

बायकोने पिशवीतून आजची गोळी आणि पाण्याची बाटली काढून त्याच्या हातात दिली. त्याने गोळी घेतली, आणि पांढऱ्या रंगाचा डबा उचलून तिसऱ्या नियमाकडे निघाला.