उन्हाळ्याचा पगार

पाकळी काही केल्या पडत नव्हती.

तनया देवळाच्या चौकात या खांबापासून त्या खांबापर्यंत नुसत्या फेऱ्या मारत होती. आत रामचंद्र भटजींनी कौलासाठी देवीच्या मूर्तीला ओल्या पाकळ्या लावल्या होत्या. उजवीकडची पडली की प्रतीक्षा आत्याने चीनला जायचं, डावीकडची पडली की घरीच राहायचं. गाऱ्हाणं बाबांनी घातलं होतं, "माझी भैण एका वर्साखातीर चीन देशात शिकवूक वता. तिका धाडू काय नको, ता तूच सांग." देवीला चीन कुठे ते ठाऊक असेल का, असं तनयाच्या मनात आलं आणि तिने ते पटकन गिळून टाकलं.

आत्या खाली बसली होती, मांडीवर फोन. तोही गप्पच होता, आणि त्याला कारण तनया होती.

आत्या डिचोली तालुक्यातल्या एका कॉलेजात जीवरसायन शिकवायची, तेही लेक्चर बेसिसवर. म्हणजे जेवढे तास, तेवढेच पैसे. परीक्षा आली, पैसे नाहीत. सुट्टी पडली, पैसे नाहीत. चवथीला तर गणपतीच्या वर बांधायच्या माटोळीची फळं-फुलं आणायची आणि खिसा रिकामा, हे दरवर्षीचंच. आठ वर्षं असंच चाललं होतं. मग चीनमधल्या एका वैद्यकीय विद्यापीठाचं पत्र आलं. आपल्याकडची कितीतरी मुलं तिथे डॉक्टर व्हायला जातात, त्यांना इंग्रजीतून शिकवायचं. महिन्याला पगार, राहायला आवारातच खोली, आठवड्याला सोळा तास. आत्या डोळे मिटून सही करणार होती.

तेवढ्यात तनयाने करार वाचला. अकरावीत गेल्यापासून, आणि शाळेतली वादविवाद स्पर्धा जिंकल्यापासून तर विशेषच, तिला सगळंच वाचायची सवय लागली होती.

"आत्ये, हा पगार दहाच महिन्यांचा. उन्हाळ्यात काय वारा खाणार?"

"असूं दे गे. इथे तरी कुठे मिळतो?"

"इथे मिळत नाही म्हणून तर जातेस ना?"

शेवटी आज सकाळी दोघींनी मिळून विद्यापीठाला उन्हाळ्याच्या पगाराचं विचारलं. तिकडच्या बाईंनी निरोप वाचला, तसं दिसलंही. त्यानंतर सगळं थंड.

"इतकां मागूक कोणी सांगलां तुमकां?" बाबा पुन्हा म्हणाले. घरून निघाल्यापासून ते हेच म्हणत होते. "आमचां चेडू वकील जालां. आता दुसऱ्याक घेतली असतली ती."

"घेऊ देत," तनया म्हणाली, पण तिचा आवाज बारीक झाला होता. खरंच गेली नोकरी तर? आत्या परत त्याच खुर्च्या तुटलेल्या स्टाफरूममध्ये, परत जूनमध्ये 'यंदा घेतात की नाही' म्हणून फोनकडे बघत बसणार. आणि या वेळी दोष कॉलेजचा नसणार.

भटजी समईची वात सारून मागे सरले. "देवी विचार करता," ते म्हणाले. "तुमी दम धरा. चेडवा, तू जरा बस. तुझ्या पायांनी पाकळी घाबरली."

तनया बसली. पाय मात्र हलतच राहिले.

फोन वाजला.

आत्याने वाचलं. मग पुन्हा वाचलं. तनया तिच्या खांद्यावरून वाकली.

"काय म्हणतात?" बाबांनी विचारलं.

"एकाच वर्षाच्या करारात उन्हाळ्याचा पगार नाही. दोन वर्षांचा करार केला तर बाराही महिने देतील." आत्याने बोटाने निरोप खाली सरकवला. "मध्येच सोडलं तर दंड."

"दंड? मग सोड तो विषय. इथे कोणी दंड घेता?"

"तेच तर, दादा." आत्या हळूच हसली. "इथे मी उद्यापासून गेले नाही तर कॉलेजला आठवडाभर कळायचंही नाही. मी सोडून जाऊ नये म्हणून कुणी दंड लावलाय, हे आयुष्यात पहिल्यांदाच."

तनया मात्र बोटांवर वर्षं मोजत होती. एक वर्ष तिने मनात बसवलं होतं. आत्या जाणार आणि ती बारावीला बसायच्या आत परत येणार, रसायनाच्या वहीत लाल पेनाने रेघोट्या मारणार. आता बारावीही आत्याविनाच जाणार. आणि हे दुसरं वर्ष कुणी मागून घेतलं? तिनेच. तेही किती ऐटीत.

"भटजी, पाकळ्या काढा," आत्या उठून म्हणाली. "आम्ही एका वर्षाचं विचारलं होतं. मी दोन वर्षांसाठी जाते."

"मग नव्यान विचारूया?"

"नको. देवीला सांगा, माझं ठरलं. आता फक्त सांभाळून घे म्हणावं."

भटजींनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी मान डोलावली. भटजींनी गाऱ्हाणं मागे घेतलं, मूर्ती पुसली आणि साखळी गावाहून येऊन बाहेर ताटकळलेल्या कुटुंबाला आत बोलावलं.

पायऱ्यांवर बसून आत्या होकार लिहू लागली. तनया शेजारी टेकली, गुडघ्यावर हनुवटी ठेवून. रडायचं नाही असं तिने ठरवलं होतं, आणि ते नीट जमत नव्हतं.

"बघ गे, बरोबर आहे?" आत्याने फोन तिच्यापुढे धरला.

तनयाने नाक पुसलं, वाचलं आणि शेवटी एक ओळ घातली. दोन वर्षांच्या मधल्या सुट्टीत घरी जाऊन यायचं विमानाचं तिकीट विद्यापीठ देणार का?

"परत मागता," बाबा मागून म्हणाले.

आत्याने ओळ वाचली, तनयाकडे पाहिलं आणि न खोडता पाठवून दिली.