पाच माणसांची हवा

इंचटेपांनी खिशातून स्टीलची पट्टी काढली, चष्मा कपाळावर ढकलला आणि नव्या टायरच्या खाचेत पट्टी उभी धरली. मग शेजारच्या टायरच्या खाचेत. मग पुन्हा पहिल्याच्या.

"हा साडेसात मिलिमीटर," ते म्हणाले. "आणि हा अकरा."

"छापलंय की कागदावर," टायरवाली म्हणाली.

"छापलेलं वेगळं आणि मोजलेलं वेगळं."

इंचटेप हे अर्थातच त्यांचं नाव नव्हतं. जमीनमोजणीच्या खात्यात चौतीस वर्षं काढली, तिथल्या कुणा वात्रटाने ते ठेवलं आणि निरोपसमारंभाच्या भाषणात ते थेट साहेबांच्याच तोंडून निसटलं. तेव्हापासून ते चिकटलं ते चिकटलंच. माणूस निवृत्त झाला, पट्टी झाली नाही. पावाची स्लाइस जाड कापली गेली तरी त्यांना चुकल्यासारखं व्हायचं.

टायरवालीने हात पुसले आणि भिंतीला टेकवलेले तीन टायर एकेक करून पुढे ओढले. दुकान नवरा-बायकोचं होतं. नवरा फोनवर बोलायचा आणि ही काम करायची. तिची सासू दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यावर नजर ठेवायची, म्हणजे तीही एका परीने कामच करायची.

"हा साधा, डांबरी रस्त्याचा," टायरवाली म्हणाली. "तो पलीकडचा चिखलाचा. तो घ्याल तर डांबरावर असा घोंघावेल की शेजारी बसलेल्याशी बोलता यायचं नाही. आणि हा मधला, ऑल-टेरेन. खडीवर पकड चांगली, डांबरावरही बरा. थोडं पेट्रोल जास्त पिणार, थोडा आवाज करणार. तेवढं चालवून घ्यायचं. तुमचा रस्ता कसा आहे?"

"डांबर संपल्यावर तीन किलोमीटर दोनशे चाळीस मीटर. सगळी खडी. शेवटी चढ आहे."

"एवढ्या वर कशाला राहायला गेलात?"

"बायकोला तिथली हवा आवडायची," इंचटेप म्हणाले. "ती जाऊन चार वर्षं झाली."

टायरवालीने मान हलवली. इंचटेपांना आणखी बोलायचं होतं. आठ दिवसांनी त्यांच्या तोंडून निघालेली ही पहिली धड वाक्यं होती. दुकानात येईपर्यंत घशाला गंज चढल्यासारखं झालं होतं.

"मुलगी येत नाही," ते म्हणाले. "रस्त्यामुळे. मागच्या वेळी स्टेशनवरून आणायला मीच गेलो होतो. ती, जावई, नातू. जाताना म्हणाली, बाबा, तुमच्या रस्त्यानं माझी कंबर गेली. त्याला आता अडीच वर्षं होतील. बोलावलं की म्हणते, बघू. म्हणून म्हटलं, रस्ता काही आपल्या हातात नाही, टायर आहेत. टायर बदलले की सांगता तरी येईल."

"मग मधलाच घ्या," टायरवाली म्हणाली आणि जॅक लावायला वळली.

इंचटेपांनी मधलाच घेतला. त्यातही एक माप मोठं घ्यायचं त्यांनी ठरवून आणलं होतं. कागदावर आकडेमोड करून दाखवली: गाडी सेंटीमीटरभर उंच होईल, रस्त्याच्या मधोमधचा दगड गाडीच्या पोटाला लागणार नाही. टायरवाली म्हणाली, बसेल, पण गाडी भरली की मडगार्डला घासतं का ते बघावं लागेल. मग ती कामाला लागली. एकेक चाक उतरलं, रिमवरून जुना टायर निघाला. तिसरा निघाल्यावर मात्र ती थांबली. तो तिने इंचटेपांच्या पुढ्यात आणून आडवा टाकला.

"काका, हात लावून बघा."

त्यांनी हात लावला. टायरच्या दोन्ही कडांना खाचा शाबूत होत्या. मधला पट्टा मात्र गुळगुळीत झाला होता, पार तुळतुळीत.

"हवा कितीची ठेवता?"

"पुढे तेहतीस, मागे छत्तीस. दर शनिवारी पंपावर तपासतो. दारावरच्या स्टिकरवर लिहिलंय तशी."

टायरवालीने ड्रायव्हरचं दार उघडलं. आतल्या बाजूच्या स्टिकरवर दोन चित्रं होती. एकात दोन माणसं, एकात पाच माणसं आणि सामान.

"ही पाच माणसांची हवा," ती म्हणाली. "गाडीत असतात किती?"

इंचटेपांनी पट्टी खिशात घातली. मग पुन्हा बाहेर काढली.

"येतात कधीमधी," ते म्हणाले.

"टायर तसं म्हणत नाही, काका." तिचा आवाज खाली आला होता. "रिकाम्या गाडीत एवढी हवा ठेवली की टायर मधोमध फुगतो आणि तेवढाच झिजतो. चारही तसेच आहेत. ह्या गाडीत मागे कुणी बसतच नाही."

बाहेर नवरा फोनवर कुणाशी तरी हसत बोलत होता. इंचटेप त्या टायरकडे बघत राहिले. चौतीस वर्षं ते दुसऱ्यांच्या जमिनी मोजून सांगत आले होते की कुंपण कुठे सरकलंय, कुणाचा बांध कुठे खाल्लाय. आज त्यांचीच मोजणी झाली होती आणि हद्द कुठे आहे ते एका बाईने हात लावून दाखवलं होतं.

"गाडी घेतली तेव्हा पाचजणांचीच घेतली," ते म्हणाले. "मी, ही, मुलगी, जावई आणि नातू. वर घरी हवा भरायची सोय नाही. अचानक फोन आला की येतोय, तर गाडी तयार असावी, म्हणून पाचाचीच ठेवायचो."

"तसं करू नका. आणि खरं सांगू? खडीवर एवढी हवा म्हणजे गाडी दगडासारखी आदळणार. मुलीची कंबर तुमच्या रस्त्यानं नाही गेली, हवेनं गेली असेल."

करायला गेलो एक आणि झालं भलतंच, असं इंचटेपांना वाटलं. त्यांना वाईट वाटलंच, पण त्याहून जास्त हायसं वाटलं. हवाच कारण असेल तर इलाज सोपा होता. चाकाच्या व्हॉल्व्हची टोपी काढायची आणि हवा सोडून द्यायची. ते चांगलेच सुखावले.

"घरी एक छोटा पंप ठेवा," टायरवाली म्हणाली. "बॅटरीवर चालतो. एकटे असाल तेव्हा तीस. खडी लागली की सव्वीस. मंडळी आली की भरा हवी तेवढी. दहा मिनिटांचं काम."

"द्या," इंचटेप म्हणाले.

चारही टायर चढले. सव्वीसची हवा भरली. आता घासतं का ते बघायचं होतं आणि त्यासाठी गाडी भरायला हवी होती. टायरवालीने नवऱ्याला फोन ठेवायला लावला. शेजारचा बॅटरीवाला आला. तो एकटाच दोघांच्या वजनाचा होता, त्यामुळे त्याला अशा कामाला नेहमी बोलवायचे. सासूबाई आपण होऊन उठल्या. पायांत चप्पल घातली, मांडीवरची पिशवी काखोटीला मारली.

"आई, तुम्ही कुठे?"

"वजनच पाहिजे ना? मग माझं काय कापसाचं आहे?"

त्या मागच्या सीटवर मधोमध बसल्या. एका बाजूला बॅटरीवाला, एका बाजूला त्यांचा मुलगा, म्हणजे टायरवालीचा नवरा. टायरवाली पुढे. मागच्या सीटचा पट्टा इतके दिवस कुणी ओढला नव्हता, त्यामुळे तो बाहेर यायलाच तयार नव्हता. इंचटेपांनी उतरून, वाकून, दोन्ही हातांनी तो सोडवून दिला. मग जागेवर येऊन आरसा नीट केला, कारण आरशात आता डोकी होती.

"तुम्हाला परत किती वाजता यायचंय?" त्यांनी मागे वळून विचारलं.

सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "अहो भाऊ, अजून माझं बूड टेकलं नाही आणि तुम्ही उतरवायला निघालात?"

बॅटरीवाला इतका हसला की गाडी हलली. टायरवालीही हसली.

"तसं नाही हो," इंचटेप घाईघाईने म्हणाले. "किती वेळ आहे ते कळलं म्हणजे..."

"कळलं म्हणजे काय करता?"

इंचटेपांनी गाडी सुरू केली.

दुकानामागे कालव्याच्या कडेने खडीचा रस्ता जात होता. त्यावर गाडी घातली. खड्डा आला की टायरवाली काचेबाहेर कान देऊन ऐकायची. मडगार्डला काही लागत नव्हतं. गाडी जड होती, पण दगडांवरून मऊ चालली होती. मागे गप्पांना ऊत आला होता. सासूबाई बॅटरीवाल्याला त्याच्या पोटावरून बोलत होत्या, तो म्हणत होता की पोट नसतं तर आज तुम्हाला फिरायला मिळालं नसतं. मुलगा दोघांच्या मध्ये तोंड घालत होता. एरवी कुणी इतकं बोललं असतं तर इंचटेपांनी रेडिओ लावला असता. आज ते कान देऊन ऐकत होते.

पण सासूबाईंचा प्रश्न काही डोक्यातून जाईना.

अडीच वर्षांपूर्वी, घराच्या दारात. मुलगी पायरी चढत होती, नातू तिच्या कडेवर झोपलेला. त्यांनी कुलूप काढता काढता विचारलं होतं, परतीची गाडी कधीची आहे? मुलीने जावयाकडे पाहिलं होतं. मग म्हणाली होती, उद्याचीच आहे, बाबा. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिघांना स्टेशनवर सोडलं. एकच रात्र आले म्हणून त्यांना फार लागलं होतं. पण तसं बोलून दाखवायची त्यांच्या घरात पद्धत नव्हती.

आदल्या दिवशी स्टेशनवर जावयाच्या हातात दोन मोठ्या बॅगा होत्या. त्या डिकीत बसवायला त्यांनीच मागची सीट पुढे सरकवली होती. तेव्हा त्यांना वाटलं होतं, लहान मूल असलं की सामान लागतं. आता त्या बॅगा त्यांच्या डोळ्यांसमोर आल्या. वजनाने त्यांचा हात ओढला गेला होता. एका रात्रीसाठी कुणी एवढं आणत नाही.

"काका, थांबलात का?" टायरवालीने विचारलं. "घासलं का कुठे?"

गाडी रस्त्याच्या मधोमध उभी होती. आपण ब्रेक कधी लावला ते त्यांना कळलं नव्हतं.

"नाही," ते म्हणाले. "ठीक आहे सगळं."

त्यांनी गाडी वळवून सगळ्यांना परत दुकानाशी आणलं. दारं एकामागून एक आपटली. सासूबाई उतरताना म्हणाल्या, "बरी आहे हो गाडी. जरा आणखी लांब नेली असतीत तरी चाललं असतं." टायरवालीने चारही चाकांत तीसची हवा भरून दिली, पंप डिकीत ठेवला, जुने टायर ठेवायचे का विचारलं. ते नको म्हणाले.

डांबर संपतं तिथे त्यांनी गाडी बाजूला घेतली. ऊन अजून चांगलं वर होतं. एकेका चाकाची हवा सव्वीसवर आणली, पुन्हा आत येऊन बसले आणि फोन लावला. मुलीने उचलायला वेळ लावला.

"बाबा? बरे आहात ना?"

"बरा आहे. टायर बदलले."

"हो का? बरं झालं." मागे भांड्यांचा आवाज येत होता. "मी जरा गडबडीत आहे, संध्याकाळी करू?"

"मागे आलात तेव्हा बॅगा दोन होत्या," इंचटेप म्हणाले. "किती दिवसांसाठी आला होतात?"

भांड्यांचा आवाज थांबला. फोन कट झाला की काय म्हणून त्यांनी तो कानापासून दूर धरून पाहिला.

"सहा," मुलगी म्हणाली. "जाऊ दे ना, बाबा. आता कशाला?"

"मी दारात विचारलं ते... किती दिवस मिळणार ते कळावं म्हणून विचारलं गं. दुसरं काही नव्हतं. तुम्ही किती दिवस राहणार ते एकदा कळलं की मला बरं वाटतं. तेवढे दिवस हातात आहेत असं वाटतं."

"मला वाटलं, तुम्हाला एकटं राहायची सवय झालीय," ती हळूच म्हणाली. "आमची अडचणच होते. ह्यांनाही तसंच वाटलं. म्हणून मग मी कंबरेचं काढलं."

"कंबर गेली नव्हती?"

"नाही हो, बाबा."

इंचटेपांनी स्टिअरिंगवर ठेवलेला हात उचलला आणि परत ठेवला. शेजारची सीट रिकामी होती, मागच्या सीटवर पट्टा अजून अर्धवट बाहेर लोंबत होता.

"सवय नाही झाली," ते म्हणाले. "मला इथं करमत नाही. अजिबात करमत नाही."

असं ते कुणालाच कधी म्हणाले नव्हते. बायको गेली त्या आठवड्यातही नाही. पलीकडे मुलगी रडतेय हे त्यांना श्वासावरून कळलं, आणि त्यांनी ती थांबेपर्यंत वाट पाहिली.

"येते मी," ती शेवटी म्हणाली. "ह्यांना सुट्टी मिळेल न मिळेल. मी आणि पिल्लू येतो."

"ये."

"स्टेशनवर घ्यायला याल ना?"

"येईन."

ती थांबली. किती दिवस, ते बाबा विचारतील म्हणून थांबली असावी; तेही तेच विचारायला तोंड उघडून होते.

"ये," इंचटेप पुन्हा म्हणाले, आणि तोंड मिटून घेतलं.