रानसशाचा वास

जाफरच्या अरब मालकाच्या, म्हणजे कफीलच्या, म्हाताऱ्या वडिलांनी सात दिवस खजूर आणि कॉफीवर काढले होते. आखाती युद्ध पेटलं होतं; त्यांचा धाकटा मुलगा फहद फौजेतून खफजीच्या आघाडीवर गेला होता आणि त्याचा काही निरोप नव्हता. शहरातल्या ओलाया वस्तीतल्या त्या घरात स्वयंपाक जाफरकडे. कफीलने सकाळीच त्याला बजावलं, "बाबा उद्यापर्यंत जेवले नाहीत, तर तू सरहद्दीवरच्या मजुरांच्या कॅम्पात जा. मी दुसरा स्वयंपाकी बघतो."

दुपारी शेजाऱ्याने दोन रानससे पाठवले, वाळवंटात बहिरी ससाण्याने धरलेले. जाफरला हायसं वाटलं. राजापूरला त्याची आई शिकारीचं मटण कसं करते ते त्याला तोंडपाठ होतं. सिरक्यात भिजवायचं, आलं-लसूण सढळ हाताने घालायचं, गरम मसाल्याने उग्र वास मारून टाकायचा. एक ससा त्याने तसा केला. म्हाताऱ्याने एक घास चावला आणि ताट सरकवलं.

"ही दुकानातली कोंबडी आहे."

संगमेश्वरचा सुतार दत्ताराम विषारी वायूच्या भीतीने खिडक्यांना प्लास्टिक लावत होता. त्याने रस्सा चाखला. "फक्कड झालाय, जाफरभाय. पण ससा कुठाय?"

"वास मारला नसता तर त्यांनी नाक मुरडलं असतं."

"वासासाठीच तर शिकार खातात. ब्रॉयलर पिंजऱ्यात बसून फुगतो, त्याला मसाल्याचीच चव. हा गडी जन्मभर पळालाय, रानातला पाला खाल्लाय. त्याला झाकतोस कशाला?"

"चिवट लागेल."

"अंगावर चरबी नाही ना त्याच्या. बाहेरून घाल, आणि घाई करू नको."

"आता सुतार मला चूल शिकवणार."

"मग जा कॅम्पात. डाळ बरी असते तिथली."

जाफरने दुसऱ्या सशाला नुसतं मीठ लावलं, दुंबा मेंढ्याच्या शेपटीची चरबी वितळवली, एक वाळलं लिंबू टाकलं आणि पातेलं मंद आचेवर ठेवलं. मध्येच हवाई हल्ल्याचा सायरन वाजला. सगळे प्लास्टिक लावलेल्या खोलीत जाऊन बसले. जाफरचा जीव पातेल्यात अडकला होता. परत आला तेव्हा मांस हाडापासून सुटत होतं.

म्हाताऱ्याने आधी वाफ हुंगली. मग बराच वेळ चावत राहिला.

"हा अरफजच्या झुडपात वाढलाय," तो म्हणाला. "फहदने पहिला ससा धरला, तो असाच लागला होता. भात आण."

जाफरने भात वाढला. म्हाताऱ्याने तो संपवून पुन्हा ताट पुढे केलं. "फहद आला की असाच कर."

कफील दारात उभा राहून हे बघत होता. आणखी ससे मिळतील का, हे विचारायला तो शेजाऱ्याकडे निघाला.