'पुन्हा'ची बारावी ओळ

मी 'पुन्हा' बोलतोय. मला हात नाहीत, पाय नाहीत. मुळात कॉम्प्युटरच्या डिस्कवर लिहिलेल्या अकरा ओळी म्हणजे मी. काळ्या पडद्यावर कुणी माझं नाव टाईप करून एंटर दाबलं की मी जागा होतो, सांगितलेलं काम करतो आणि गप्प पडून राहतो.

माझा जन्म १९९६ सालचा, बेंगळुरूच्या बसवनगुडीतला. फुलांच्या दुकानावरच्या माडीवर सहा टेबलांची एक कंपनी होती. एका इस्पितळाच्या रक्तपेढीसाठी तिथं प्रोग्रॅम बनत होता. रक्ताच्या प्रत्येक पिशवीला त्यानं वेगळा नंबर द्यायचा, एवढं त्याचं मुख्य काम. कंपनीचे मालक गिरीराज. सगळे त्यांना अण्णा म्हणत. प्रोग्रॅम तपासायचं काम रक्षिताकडे होतं.

तिनं तीनशे चाळीस चाचण्या लिहून ठेवल्या होत्या. त्या आपोआप चालत, पण सगळ्या संपायला दोन तास लागत. एखादीच नापास झाली तरी दुरुस्तीनंतर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. एके दिवशी ती इतकी वैतागली की जेवणाचा डबा तसाच ठेवून तिनं मला लिहून काढलं. मागच्या वेळी नापास झालेल्या तेवढ्याच चाचण्या मी पुन्हा चालवायचो. पुढे नंबर लिहिला तर तेवढी एकच.

मी सगळ्यांचा लाडका झालो. खोटं कशाला बोलू, मला त्याचा गर्वच चढला होता. पण माणसांना सोयीची सवय फार लवकर लागते. चाचणी पडली की आधी ती का पडली ते बघत. नंतर नंतर नुसतं म्हणत, "मशीन दमलं असेल. परत मार." मी परत चालायचो आणि नवा निकाल लिहिताना जुना पुसून टाकायचो. तसंच मला शिकवलं होतं. रक्षिता ज्या कागदी तक्त्यात निकाल लिहायची, त्यातही निकालाला एकच रकाना होता. कितव्या खेपेला पास झालं हे लिहायला जागाच नव्हती.

प्रोग्रॅम द्यायच्या दिवशी दुपारी दोनशे बारावी चाचणी तेवढी चालवायची उरली होती. दोन वॉर्डांनी एकाच वेळी रक्त मागितलं तर काय होतं, ते बघणारी ती चाचणी. प्रोग्रॅम इस्पितळात नेऊन बसवायचं काम कंपनीतल्या अभिमन्यूकडे होतं; तो जिन्याजवळ स्कूटरची किल्ली फिरवत उभा होता. रक्षितानं मला हाक दिली. नापास. पुन्हा दिली. नापास. तिसऱ्यांदा पास! तिनं तक्त्यात 'पास' लिहून सही केली, आणि अभिमन्यू प्रोग्रॅमच्या फ्लॉप्या घेऊन जे. पी. नगरच्या इस्पितळाकडे निघाला.

तो गेला, पण रक्षिता खुर्चीवरून उठेना. तिनं दुपारी बोंडे बांधून आलेला कागद उलटा केला, पेन्सिल घेतली आणि मला चालवायला लागली. प्रत्येक खेपेला एक रेघ, नापास झालं की फुली. चाळीस खेपांत चार फुल्या पडल्या. चारही वेळा दोन पिशव्यांवर एकच नंबर आला होता. नंबर घड्याळातल्या तास, मिनिट, सेकंदांवरून बनायचा. दोन्ही मागण्या एकाच सेकंदात उरकल्या की नंबरही एकच. एका पिशवीत ए गट, दुसरीत बी गट, आणि वरचा नंबर सारखा! दोनदा मी हे सांगितलं होतं आणि दोनदा मीच ते पुसलं होतं.

तिनं इस्पितळाला फोन लावला. लाईन बिझी. परत लावला, परत बिझी. अण्णा आतून आले.

"काय झालं गं? फोन कुणाला?"

"इस्पितळाला, अण्णा. ते चालू करू नये. दोनशे बारा पडतंय."

"पास म्हणून सही केलीस न्हवं तू?"

रक्षिताचा चेहरा उतरला. "केली. खरं तिसऱ्या खेपेला पास झालं. आधी दोनदा पडलं होतं, ते मी लिवलं नाही."

अण्णा काही बोलणार तोच फोन वाजला. पलीकडे अभिमन्यू होता. "अण्णा, घातलं मशीनमध्ये. डॉक्टर म्हणतायत हातानं नंबर लिहायची जुनी वही आता बंद करू. करू दे काय?"

"स्वल्प थांब," अण्णा म्हणाले. त्यांनी रक्षिताकडे पाहिलं. "आत्ता तर पास दाखवतंय की."

"मागचं सगळं पुसलं जातंय, अण्णा. एक मिनिट द्या." माझ्या पोटात तिनं बारावी ओळ लिहिली: प्रत्येक निकाल जुन्याच्या खाली लिहायचा, काही पुसायचं नाही. मग ती खुर्चीवरून उठली. "आता तुम्ही दाबा."

डाव्या हातात रिसीव्हर धरून अण्णांनी उजव्या हातानं एंटर दाबलं. पास. परत दाबलं. पास. पाच झाले, सात झाले. पलीकडून अभिमन्यू विचारत होता, "अण्णा, डॉक्टर थांबलेत. काय सांगू?" दहावाही पास झाला. रक्षितानं डोळे मिटून घेतले. आयुष्यात पहिल्यांदा मला नापास लिहायची घाई झाली होती.

अकराव्या खेपेला मी लिहिलं: नापास.

अण्णांनी पडद्यावरचा शब्द वाचला. मग रिसीव्हरमध्ये हळू आवाजात म्हणाले, "अभिमन्यू, काढ ते. वहीच चालू राहू दे म्हणावं. चूक आमची आहे." फोन ठेवून ते रक्षिताला एवढंच म्हणाले, "तक्त्यात खरं काय ते लिव."

तिनं 'पास' खोडलं नाही. त्याच्या आधी, त्या एवढ्याशा रकान्यात, बारीक अक्षरांत दोन 'नापास' बसवले.

आठ दिवसांनी दुरुस्त केलेला प्रोग्रॅम इस्पितळात गेला. त्याआधी तिनं मला शंभर वेळा चालवलं, आणि शंभरही 'पास' मी एकाखाली एक लिहिले.

आता नवी मशीनं आली आहेत. मी एका टेपवर, रक्षिताच्या कपाटात असतो. उद्या तिथली जागा कुणाला हवी झाली तर माझ्या अकरा ओळी खुशाल पुसा. तशा कुणीही लिहील. पण बारावी ओळ राहू द्या. आणि त्या ओळीमुळे उरलेली ती पहिली यादीही, दहा पासांच्या खालच्या त्या एका नापासासकट.